रोज एक अध्याय, टोमण्यांसकट

चंपतराव बसच्या नोकरीतून निवृत्त झाले, पण त्यांच्या जिभेला कोणी निवृत्त केलं नाही. आदिलाबाद, बोथ, इंद्रवेल्ली या रस्त्यांवर जन्मभर कंडक्टरकी केलेला हा माणूस. दारात लटकलेल्याला ते म्हणायचे, "पाहुणे, आत येता, का घरी आवतन पाठवू?" आपलं गाव मागं पडल्यावर दचकून उठलेल्याला विचारायचे, "झोप झाली? का उशी देऊ?" सारी बस हसायची. तो एक सोडून.

निवृत्तीनंतर एवढी जनता हातची गेली आणि टोमणे ऐकायला उरली एकटी रेणुकाबाई, त्यांची बायको. ती स्वभावानं शांत. शांत माणसाला टोमणा मारणं म्हणजे भिंतीला गुदगुल्या करणं. तरी चंपतरावांनी हिंमत सोडली नव्हती.

मुलगी नीलिमा नर्स होऊन आदिलाबादला गेली, घर सुनं पडलं, तेव्हा रेणुकाबाई शेजारणीबरोबर बोथच्या लहानशा चर्चमध्ये एकदा गेली आणि मग जातच राहिली. तिथं सगळा कारभार तेलुगूत. तिचं तेलुगू भाजीबाजारापुरतं.

"म्हंजे देव काय बोलून राह्यला ते तुले अर्धंच समजते," चंपतराव म्हणायचे, "आन् तरी तू खूश. माह्यं तर सारंच समजते, तरी तू खूश नाई."

शेवटी पास्टरांनीच तिच्यासाठी यवतमाळहून मराठी बायबल मागवून दिलं. रोज सकाळी चहानंतर ती एक अध्याय वाचायची. चंपतराव नेमका त्याच वेळी रेडिओ मोठा करायचे. भक्तीला साथसंगत पाहिजे, असं त्यांचं मत होतं.

मग तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. साखर उतरल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही, म्हणाले डॉक्टर. साखर काही उतरेना. अक्षरांच्या आधी मुंग्या झाल्या, मग मुंग्याही दिसेनाशा झाल्या. एका सकाळी ती पुस्तक मांडीवर घेऊन नुसतीच बसून राहिली. चंपतरावांचा हात रेडिओकडे गेला आणि परत आला.

"आवं," ती म्हणाली, "एक अध्याय वाचून द्या ना."

"मी? मी काय पास्टर हाय?"

"तुमचा आवाज साऱ्या बसले आयकू जाय. मले तर एकटीलेच आयकाचं हाय."

आवाजाची तारीफ म्हटल्यावर चंपतराव विरघळले. तिनं सांगितलं तिथून, मत्तयानं लिहिलेल्या येशूच्या गोष्टीपासून, सुरुवात केली. पहिल्याच पानावर येशूच्या वाडवडिलांच्या नावांची ही लांबलचक रांग. अब्राहाम, इसहाक, याकोब. चंपतरावांनी ती नावं थांबे पुकारावेत तशी खणखणीत पुकारली आणि मध्येच थांबून विचारलं, "कोनी उतरनारं हाय काय?"

रेणुकाबाई हसली. चांगली पदर तोंडाला लावून हसली. त्यांच्या टोमण्याला ती शेवटची कधी हसली होती, हे चंपतरावांना आठवेना. दुसऱ्या दिवशी ते आपणहून पुस्तक घेऊन बसले. देवासाठी नाही, गैरसमज नको. गिऱ्हाईक मिळालं होतं म्हणून.

त्यानंतर रोजचा अध्याय टोमण्यांसकट होऊ लागला. हजारो माणसं पाच भाकरींत जेवली, तेव्हा चंपतराव म्हणाले, "आन् कोनी कुरकुरलं नाई? आपल्याकडं दालीत मीठ कमी पडलं तर सोयरे पंगतीतून उठतात." वादळात होडी बुडायला आली आणि येशू आपला उशीवर गाढ झोपलेला, तेव्हा म्हणाले, "असे पाशिंजर मी लय पाह्यले." शेजारचा मोतीराम चहाला आला, पुस्तक पाहून डोळे मोठे करून म्हणाला, "काय चंपतराव, धरम बदलून राह्यले काय?"

"चुका काढून राह्यलो," चंपतराव म्हणाले. "पुस्तक मोठं हाय. येळ लागन."

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी चंपतराव स्वतः कोणाला सांगत नसत. ते लहान असताना त्यांची आई वारली. बापानं त्यांना बोथला मामाच्या घरी आणून सोडलं आणि "उद्या येतो" म्हणून तो गेला. तो उद्या आलाच नाही. पोरगं रोज बसस्टँडवर जाऊन उभं राहायचं, प्रत्येक बसमधून उतरणारी माणसं शेवटपर्यंत पाहायचं आणि मामी ओरडली की घरी जायचं. मोठेपणी चंपतराव सांगत, "लहानपनापासून मले बसचा लय नाद." खोटं नव्हतं ते. त्यामागचं कारण तेवढं सांगत नसत.

तर वाचता वाचता लूकानं लिहिलेल्या गोष्टीतला तो अध्याय आला, ज्यात मेंढपाळ बाकीची सारी मेंढरं सोडून एका हरवलेल्या मेंढरामागं जातो. चंपतराव खूश झाले. "एका पाशिंजरसाठी मी भरली गाडी मागं फिरवली असती, तर डेपोत माह्यी आरती केली असती!" मग धाकट्या मुलाची गोष्ट लागली. पोरानं बापाकडून हिस्सा घेतला, दूर देशी जाऊन उडवला, डुकरं राखायची पाळी आली आणि आता खाली मान घालून घराकडं निघाला.

"बेस झालं!" चंपतरावांनी मांडी आवळून घातली. "आता बाप कसा सोलते, आयक."

आणि त्यांनी पुढची ओळ वाचली. पोरगं अजून लांबच होतं, तेवढ्यात बापानं त्याला पाहिलं. बाप धावत गेला आणि त्याच्या गळ्यात पडला.

टोमणा तयार होता. जिभेच्या टोकावर होता. तो काही बाहेर पडेना. लांबून पाहिलं म्हणजे बाप रस्त्याकडंच डोळे लावून बसला असणार. आज नाही, रोजच. चंपतरावांच्या डोळ्यांपुढं धोतर सावरत, धापा टाकत पळणारा एक म्हातारा आला. त्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीत रस्त्याकडं पोरगं पाहत बसतं, बाप नाही. इथं सारंच उलटं. छपाईची चूक असेल म्हणून त्यांनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. चूक नव्हती.

"काऊन थांबले?" रेणुकाबाईनं विचारलं.

"अक्षर बारीक हाय."

"काल तर नोव्हतं."

"आज झालं!"

तिनं चाचपडत हात पुढं केला. तो त्यांच्या गुडघ्यावर पडला आणि तिथंच राहिला. मग चंपतराव बोलले, तेव्हा त्यांचा तो साऱ्या बसला ऐकू जाणारा आवाज तिलाही नीट ऐकू आला नाही.

"बापानं त्याले काईच इचारलं नाई, नीलिमाचे माय. कोठी होता, काय केलं, काईच नाई. असा बाप असते काय?"

सांगायला तिच्याकडं पुष्कळ होतं. जन्मभराचे टोमणे फेडायला याहून चांगली वेळ नव्हती. पण ती एवढंच म्हणाली, "त्याच्याचपायी तर मी रोज वाचत होती. वाचा पुढं."

त्या दिवशी चंपतरावांनी कोणालाच टोमणा मारला नाही. मोतीरामला वाटलं, ताप आहे.

यानंतर आकाशातून उजेड पडला, चंपतरावांची जीभ मधाची झाली, असं कोणाला वाटत असेल तर त्यानं बोथला येऊन त्यांच्याशी दोन शब्द बोलून पाहावेत. काही अध्याय त्यांना कोरडेच लागत. काहींवर ते भांडत. फरक एवढाच झाला, की आता ते तिच्या आधी उठून बसू लागले. पुस्तक उघडलं की कोणीतरी आपल्या आधी तिथं येऊन बसलंय, आपलीच वाट पाहतंय, असं त्यांना वाटे. वाट पाहण्याचा त्यांना चांगला अनुभव होता. आपली वाट कोणी पाहण्याचा अजिबात नव्हता. त्यामुळं सुरुवातीला ते जरा अवघडून बसत.

यथावकाश साखर उतरली, ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर रेणुकाबाईनं नवऱ्याकडं निरखून पाहिलं. "तुमी लय म्हातारे दिसून राह्यले."

"म्हंजे ऑपरेशन चांगलं झालं म्हनाचं."

काही आठवड्यांनी ती पुन्हा स्वतःचं स्वतः वाचू लागली, मनातल्या मनात. चंपतराव दुसऱ्यांदा निवृत्त झाले. त्यांनी रेडिओ लावला, बंद केला. कोणी न सांगता अंगण झाडलं. शेवटी दारात उभं राहून म्हणाले, "मोठ्यानं वाच ना."

"तुमाले काय कराचं? तुमी तर चुका काढनारे."

"बाकी हायेत अजून काढाच्या."

तिनं पुस्तक त्यांच्या पुढ्यात सरकवलं. "घ्या. मले दिसते आता, पन आयकाची सवय लागली."

मग दोघांनी पुस्तक पार आरंभापासून धरलं. निर्गम नावाच्या भागात देवाच्या तंबूची मापं आली. लांबी, रुंदी, पडदे, कड्या, अध्यायामागून अध्याय. चंपतरावांचा जीव मेटाकुटीला आला. नेमके तेव्हाच पास्टर घरी आले. चंपतराव वाचतात हे त्यांच्या कानावर आलं होतं. निघताना त्यांनी मोडक्या हिंदीत विनवलं, आज प्रार्थना तुम्ही करा.

रेणुकाबाईनं नवऱ्याला डोळ्यांनीच दटावलं. चंपतरावांनी टोपी काढली, डोळे मिटले.

"बाबा," ते म्हणाले आणि त्या शब्दाला स्वतःच जरा बिचकले. मग त्यांचा नेहमीचा आवाज लागला. "बाबा, तुह्या तंबूचं माप लय लांबलं. मिस्तऱ्याले सांगाचं ते मले काऊन सांगून राह्यला? पन सांग. मी बसलो हाय. मले कोठी जाचं हाय?"

पास्टर आमेनची वाट पाहत हात जोडून उभे राहिले. आमेन आलं नाही. प्रार्थना संपली की नाही, हे चंपतरावांनाही सांगता आलं नसतं. पास्टरांनी हळूच रेणुकाबाईला तेलुगूत विचारलं, काय म्हणाले?

रेणुकाबाईनं बाजारातलं सारं तेलुगू गोळा केलं. "देवाशी भांडून राह्यले," तिनं सांगितलं, "माह्याशी भांडतात तसे." आणि चहा ठेवायला ती आत गेली.