मैत्रीच्या भिंतीची सावली

उद्घाटनाला चार दिवस उरले होते. मी लाल गालिचा अंथरायची जागा मोजत होतो, तेवढ्यात सालिमबाबा आले आणि हाताला धरून मला मैदानात घेऊन गेले. दुपारचे अडीच वाजले होते. त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं. तिथे आमच्या भिंतीची सावली पसरली होती.

"इंजिनिअर, माझ्या खांबाची सावली कुठे गेली?" त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं.

मस्कतपासून दोन तासांवरच्या या गावाला पाणी मिळतं ते फलजचं. फलज म्हणजे डोंगरातून उताराने आणलेला पाट. त्याचं पाणी पाळीने मिळतं, आणि पाळी मोजायला मैदानात एक लाकडी खांब आहे. त्याची सावली एका दगडावरून पुढच्या दगडावर सरकली की एकाचं पाणी बंद आणि दुसऱ्याचं सुरू. ही मोजणी सालिमबाबांकडे, आणि त्यांच्याआधी त्यांच्या वडिलांकडे. वरची आळी आणि खालची आळी यांचं फारसं पटत नाही. पण सूर्य कोणाच्याच नात्यातला नाही, म्हणून गावात शांतता होती.

आमच्या कंपनीने गावाला भिंत भेट दिली होती. देशाच्या शांततेला आणि उभारणीला हातभार लावणाऱ्या परदेशी लोकांच्या सन्मानार्थ. सन्मान आमचा, देणगीही आमचीच. नऊ मीटर उंच, संगमरवरी. वर हस्तांदोलन करणारे दोन हात, खाली आम्हा सगळ्यांची नावं.

चूक माझी होती. सर्व्हे ड्रॉइंगवर खांब दाखवलेला होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'जुना खांब, हलवू नये.' आम्ही तो हलवला नाही. आमचा वसईचा फोरमन लोपीस याने त्याच्याभोवती बॅरिकेड टेप बांधली, मी रिपोर्टमध्ये फोटो टाकला. वारसा जपल्याबद्दल हेड ऑफिसची शाबासकीची मेलही आली. खांब काय काम करतो, हे मी कोणाला विचारलं नाही. भिंत त्याच्या पश्चिमेला होती. दुपार कलली की खांब तिच्या सावलीत.

मी मस्कतमधल्या कुरुमच्या ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर मॅथ्यूसरांना फोन लावला. वरचे पाच मीटर उतरवू या म्हणालो.

"परब, वर काय आहे?"

"हात आहेत, सर."

"मग? त्या हातांसाठीच सगळं चाललंय. पाहुणे कन्फर्म झालेत. खलास. बाबांना एक घड्याळ देऊन टाक."

लोपीस शेजारीच उभा होता. "साहेब, शेकहँड माणसं कमरेपाशीच करतात," तो म्हणाला. "यांना नऊ मीटरवर कशाला लागतो?"

मी एक मेल लिहिली, थेट हेड ऑफिसला. पाठवली नाही. त्याच महिन्यात माझा व्हिसा रिन्यू व्हायचा होता.

उद्घाटन थाटात झालं. भाषणांत शांतता पुष्कळ होती. सालिमबाबांना पहिल्या रांगेत बसवून कंपनीचा लोगो असलेलं घड्याळ दिलं.

घड्याळ मिनिटं दाखवतं. दगड मिनिटांवर बसवलेले नव्हते. काही दगडांत अंतर जास्त, काहींत कमी, वाडवडिलांच्या करारांप्रमाणे. वरच्या आळीने सरसकट अर्धा तास धरला. खालची आळी म्हणाली, आमचा वाटा मोठा होता. सालिमबाबांनी आठवणीतून हिशोब सांगून पाहिला. पण सूर्याशी भांडता येत नव्हतं, म्हाताऱ्याशी येतं. दीड महिन्यात कोणीतरी पाटाचं दार फोडलं, एकाच्या डोक्यात फावडं बसलं, पोलीस आले. उन्हाळ्यापर्यंत खालच्या आळीची लिंबाची झाडं वाळली.

सालिमबाबांनी काम सोडलं. आता ते मस्कतच्या माबेला भागात मुलाकडे राहतात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. मी माफी मागायला गेलो. त्यांनी कहावा, म्हणजे तिथली कोरी कॉफी, दिला आणि खजूर पुढे केले.

"तू खांब हलवला नाहीस," ते म्हणाले. "ते मी सगळ्यांना सांगतो."

साइटवर एखादी वस्तू जपायची असेल, तर नुसती टेप बांधून भागत नाही. तिच्या शेजारी एक अख्खा दिवस बसून काढावा. भिंतीवर माझं नाव तिसऱ्या रांगेत आहे. संगमरवर चांगल्या प्रतीचा आहे, बरीच वर्षं टिकेल.