फौजीआण्णांची फळी

माणूस हरला की लोक हसतात, नाहीतर समजूत घालतात. फौजीआण्णा यातलं काहीच करत नसत, ते चौकशी करत. तासगावच्या एसटी स्टँडमागे त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. आम्ही खेळायला बसलो की ते पाठीमागे सावधानमध्ये उभे राहायचे. पडद्यावरचा आपला माणूस मेला की मागून आवाज यायचा, "पडलास? कशापायी पडलास?" "नशीबच फुटकं" असलं उत्तर चालायचं नाही. "नशिबाला मधी आणू नगं. उडी लवकर मारलीस का उशिरा, त्येवढं सांग." ते सांगितल्याशिवाय पुढचा डाव मिळत नसे.

फौजेत ते बिनतारी यंत्रं दुरुस्त करायचे. पेन्शनीत आल्यावर इतरांनी उसाचं रान वाढवलं, यांनी चार टीव्ही मांडले. गावात याची बरीच टिंगल झाली. दुकानाला शिस्त मात्र पलटणीची. चपला एका रेषेत. बेदाण्याच्या दिवसांत आम्ही सगळे द्राक्षं वाळवायच्या शेडवरून चिकट हातांनी यायचो, म्हणून दारातच बादली आणि साबणाची वडी. "देवाच्या आरतीला कसं बी या, माझ्या मशीनला हात धुऊन लावायचा," हे त्यांचं वाक्य भटजीकाकांच्याही कानावर गेलं होतं आणि पुढे वर्षभर दोघांचं बोलणं बंद होतं.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो नुसता बघायला. माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट सहाव्या वर्षी कडबाकुट्टीत गेलं. त्यामुळे तो हात कायम खिशात असायचा. शाळेत मला काय म्हणत ते लिहीत नाही, आपल्याकडच्या माणसाला ते ठाऊक असतं. आण्णांनी विचारलं, "खेळायचं न्हाई व्हय?" मी म्हणालो, "मला आवडत न्हाई." आणि तासभर पापणी न हलवता बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो, तिसऱ्याही.

मग चार दिवस दुकान बंद राहिलं. उघडलं तेव्हा चारही टीव्हींचे गेम खेळायचे रिमोट गायब होते. त्यांच्या जागी चार लाकडी फळ्या होत्या. डाव्या बाजूला पुढेमागे हलणारी दांडी, उजव्या बाजूला दाराच्या बेलला असतात तशी दोन मोठाली बटणं. "तुमी रेडं रिमोट मोडताय सारखं. आता मोडून दावा," आण्णा म्हणाले. त्या बटणांना बोटं लागतच नव्हती, तळहातानं थाप मारली की माणूस उडी मारायचा. सगळी गँग थापा मारत बसली. त्या दिवशी पहिल्यांदा माझा हात चारचौघांत खिशातून बाहेर आला आणि कोणी बघितलंसुद्धा नाही.

दुकानातली आमची लाडकी कॅसेट म्हणजे 'पुलाचा गेम'. खरं नाव परदेशी अक्षरांत होतं, ते वाचणार कोण? शेवटच्या टप्प्यात एक पूल होता, पाय ठेवला की मागची फळी खाली पडायची. खाली मगर होती. मगर म्हणजे चार हिरवे चौकोन, पण तिची भीती खरी होती. तीन लाइफ संपल्या की पहिल्यापासून सुरुवात. त्यात आमच्याकडचं लोडशेडिंग. पुलापर्यंत पोचावं आणि लाइट जावी, हे इतक्यांदा व्हायचं की मगर आणि वीजमंडळ यांचं संगनमत आहे असं आम्हाला वाटायचं. लाइट गेली तरी आण्णा कोणाला घरी सोडत नसत. "हितनं फुडं तोंडानं खेळा," म्हणायचे. एकानं सांगायचं, "मी उडी मारली," दुसऱ्यानं मगर व्हायचं, तिसऱ्यानं पडलेल्या फळ्या लक्षात ठेवायच्या. खेळ कसा रचलेला असतो हे मी तिथे शिकलो. पुढे त्याच विषयाची पदवी घेतली, पण शिक्षण ते खरं.

दोन उन्हाळे घालवून मी तो पूल पार केला. आण्णांनी पाठ थोपटली नाही. त्यांनी मला कडक सॅल्यूट ठोकला. तसला मान मला पुन्हा कुठे मिळालेला नाही.

कॉलेजला सांगलीला गेलो तेव्हा मित्राच्या घरी साधा रिमोट हातात आला आणि मी चाचपडलो. मी म्हणालो, "हे कसलं खेळणं? आमच्याकडं फळी असते." त्यावर खोलीतली सगळी हसली. तासगावची पोरं गेमसुद्धा भाकरी थापल्यासारखा खेळतात, हे माझ्या नावावर कायमचं लागलं. मी मात्र आपला मोठ्या तोऱ्यात सांगत राहिलो की असला फुसका रिमोट आमच्याकडे आठवडाभर टिकला नसता.

आता मी पुण्यात एका कंपनीत जुने गेम नव्यानं बनवायचं काम करतो. गेल्या वर्षी आमच्याकडे चक्क पुलाचा गेम आला. नवीन मगरीचा खवला न् खवला चमकतो, पाण्यावर सावली पडते, कुठूनही पुन्हा सुरुवात करता येते. दिसायला झकास, पण मला तो अळणी लागला. जुन्यात दिसायचं थोडं आणि डोक्यात भरायचं खूप. नव्यात सगळं दाखवलेलं, आपल्याला करायला काही शिल्लक नाही. त्यात आमची टीम लीडर म्हणाली, "बटणं हवी तशी बदलता यावीत, आणि ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी फळ्या थोड्या सावकाश पडाव्यात." मी उसळलो. "कुबड्या कशाला? आम्ही नाही का खेळलो तीन लाइफमध्ये? आणि मी तर या हातानं!" तिनं माझ्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "गेम किती अवघड ठेवायचा, ते खातं तुझं आहे. सोमवारी शेवटचं सांग. तू नाही म्हणालास तर दोन्ही काढून टाकते."

मला साक्षीदार हवा होता. रविवारी लॅपटॉप आणि नवा रिमोट घेऊन तासगाव गाठलं. आण्णांचं दुकान केव्हाच मोबाइलवाल्याकडे गेलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलेलं. हात उचलता यायचा, मूठ मात्र उघडत नव्हती. तरी मगर बघून चेहरा खुलला. "लय झ्याक केलीया रं! पार जित्ती वाटतीया." मी रिमोट त्यांच्या हातात दिला. तो घसरला. आण्णांच्या बायकोनं, काकींनी, खाली उशी ठेवली. मग पुलावर आण्णा पडले. पुन्हा पडले. मी मोजायचं सोडून दिलं. मला विचारायचं होतं, "आण्णा, अवघडच ठेवायचा न्हवं?" पण मी नुसता घसरलेला रिमोट उशीवर परत ठेवत राहिलो.

काकी आत गेल्या आणि माळ्यावरून एक फळी काढून पदरानं पुसत आल्या. "हिच्यावर जमल का बघा. ह्याच्यापायी केली हुती, आता तुमच्या कामाला यील."

"ह्याच्यापायी म्हंजी?" मी विचारलं.

"गप बस गं," आण्णा म्हणाले.

"आवं, आता काय गप बसायचं? पोरगं म्हातारं व्हायला आलं." काकी माझ्याकडे वळल्या. "तू खिशात हात घालून बघत बसायचास. ह्यास्नी जेवान जाईना. चार दीस दुकान बंद ठिवून तारास्नी डाग देत बसलं हुतं. मी म्हनलं, एकच करा की. तर म्हनलं, एकच केली तर पोरं त्याला चिडवतील. चारी करतो."

पंचवीस वर्षं मी ज्या मूळ खेळाचा अभिमान बाळगला, तो मूळ नव्हताच. तो माझ्यासाठी नव्यानं बनवलेला होता आणि मला कळू नये म्हणून अख्ख्या तासगावाला थापा मारायला लावल्या होत्या. आणि कुबड्या कशाला, म्हणून मीच ओरडत होतो.

"म्हंजी मी पूल पार केला, ते खरं न्हवं," मी म्हणालो.

आण्णा खरोखर चिडले. "येडा हायस का? पूल म्या सोपा न्हाई केला. पूल हुता तसाच हुता, मगर बी. तुझा हात तितवर पोचत न्हवता, त्येवढा पोचवला. पडलास तू, उठलास बी तूच."

सोमवारी मी टीम लीडरला सांगितलं, दोन्ही ठेव. कारण विचारलं तेव्हा तासगावहून सोबत आणलेली फळी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. आमच्या हार्डवेअरवाल्यानं वायरी बदलून ती लॅपटॉपला जोडून दिली. आण्णांचं सोल्डरिंग बघून तो म्हणाला, हे अजून वीस वर्षं हलणार नाही.

पुढच्या रविवारी आण्णा ती फळी पुढ्यात घेऊन बसले. मी पुलाच्या फळ्या सावकाश पाडू का विचारलं, तर म्हणाले, "पयला हाय तसा बघू. लागलं तर मागंन." डावा हात दांडीवर, उजवी मूठ उचलून धप्पकन बटणावर. मी त्यांच्या पाठीमागे उभा राहिलो. सावधानमध्ये. पाठीमागूनच म्हणालो, "आण्णा, लय उपकार झालं तुमचं." ते म्हणाले, "खेळताना बोलू नगं." पूल आला. सहा फळ्या ओलांडल्या, सातवीवर मगरीनं गाठलं.

"पडलात?" मी विचारलं. "कशापायी पडलात?"

आण्णांनी पडद्यावरची सातवी फळी निरखली. मला वाटलं, हाताचं नाव घेतील, वयाचं घेतील.

"उडी उशिरा मारली," ते म्हणाले. "परत लाव."

त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले. त्या रविवारच्या दुपारी मी किती वेळा परत लावलं याचा हिशोब नाही, पण प्रत्येक वेळी त्यांनी नीट कारण सांगितलं होतं, आणि शेवटच्या खेपेला ते अकराव्या फळीपर्यंत पोचले होते.