पांढऱ्या कापडाखालचा डबा

दत्ता गेल्याचं मला ओमानमधल्या इब्री गावच्या एका दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवरून कळलं. "दत्ताभाई एक्स्पायर हो गये. साइट पे थे. हार्ट अटॅक." ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलो होतो, एसी चालू होता. रडू आलं नाही, आधी राग आला. गेलास ना शेवटी, न बोलता? सहा वर्षं मी या माणसाच्या तोंडून एकच वाक्य ऐकायची वाट बघत होतो. चार शब्दांचं. "तो डबा माझा होता." बस्स. तेवढंही त्याच्याच्यानं झालं नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग काय, खोटं बोलू? दीड महिना झाला आता त्याला जाऊन, आणि सगळे त्याच्याबद्दल गोड गोड लिहून मोकळे झालेत. मला ते जमायचं नाही.

दत्ता मालवणकडचा, एसीचा मेकॅनिक. मी नागपूरचा, एका बांधकाम कंपनीत इंजिनीअर. मस्कतजवळच्या माबेल्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट आम्ही दोघांनी मिळून घेतला, कारण माझ्या बायकोचा फॅमिली व्हिसा यायचा होता आणि तोवर मला एकट्याला तो परवडणारा नव्हता. माणूस कामसू होता, हे मान्य करतो. स्वयंपाकही चांगला करायचा. पण त्याला एक खोड होती. कुठल्याही वस्तूवर छापलेल्या तारखेवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. सुपरमार्केटवाले टाकायला काढलेली बिस्किटं, मसाले, सॉसच्या बाटल्या हा उचलून आणायचा. डोकेदुखीच्या गोळ्यासुद्धा जुन्या. मी ओरडायचो, "काहून बे, मरायचं आहे काय?" तर म्हणायचा, "अरे मेल्या, आत काय जिता आसा नि काय मेला, ता त्या छापणाऱ्याक काय म्हायत?" आणि वर मलाच साधूबाबा म्हणून चिडवायचा. साधूबाबा का, ते सांगतो.

माझा बाप दारूनं गेला. नागपुरात आमच्या वस्तीत त्याला रोज कुणी ना कुणी उचलून घरी आणायचं. मस्कतला निघायच्या दिवशी आईनं मला बुद्धमूर्तीसमोर बसवून पाच शीलं म्हणायला लावली आणि पाचवं, नशा न करण्याचं, दोनदा म्हणायला लावलं. मी ते पाळलं. माझ्याच फ्लॅटवर दर शुक्रवारी सकाळी आम्ही दहा-बारा माणसं वंदनेला जमू लागलो. सगळे महाराष्ट्रातले, इंजिनीअर, अकाउंटंट, कुणी बायकामुलांसकट. माझ्या खोलीत टेबल, त्यावर पांढरं कापड, मूर्ती, मेणबत्त्या. शीलं मी म्हणवून घ्यायचो, बाकीचे मागून म्हणायचे. आमच्यात वडीलधारे मेश्रामकाका, ते एकदा म्हणाले, "पोरा, तुझ्या आईनं हे बघायला पाहिजे होतं." त्या वाक्यावर मी महिनाभर छाती काढून हिंडलो. परक्या मुलखात माझ्याकडे तेवढंच होतं, बापाच्या नावावरचा डाग पुसून काढलेलं माझं नाव. आणि खरं तेच सांगायचं तर या मंडळींचा चहा दत्ता करायचा. वंदनेत बसायचा नाही, पण स्वयंपाकघरात मोठ्या टोपात आलं ठेचून चहा करायचा आणि ट्रे घेऊन स्वतः फिरायचा.

दोन हजार बाराचा मे महिना. दत्ताच्या कंपनीतला एक गोरा मॅनेजर नोकरी सोडून मायदेशी निघाला आणि जाताना घरातलं सामान वाटू लागला. कुणी सोफा आणला, कुणी सायकल. आमच्या या शहाण्यानं घरी वाइन करायचं किट आणलं! झाकणाचा एक मोठा पांढरा प्लास्टिकचा डबा, घट्ट काळ्या द्राक्षरसाची पिशवी, यीस्टची पुडी आणि झाकणाच्या भोकात बसवायची एक वाकडी नळी. नळीत पाणी भरायचं म्हणजे आतला वायू बुडबुडत बाहेर पडतो. खोक्यावरची तारीख तीन वर्षांपूर्वी उलटून गेलेली. मी म्हटलं, हे घरात नको, पोलिसांना कळलं तर दोघंही आत जाऊ. त्यानं ऐकलं काय? संध्याकाळी घरी येतो तर डबा माझ्या खोलीत, कपाटाच्या कडेला. म्हणे, "तुझ्या रूमचो एसी मीच दुरुस्त केलंय. चोवीसवर रवता. हेका तसाच लागता." म्हणजे बघा, मेकॅनिकचं डोकं! घरात दारू न पिणारा एकच माणूस, आणि दारू त्याच्या उशाशी.

मी त्याच वेळी डबा उचलून मोरीत ओतायला पाहिजे होता. नाही ओतला, ही माझी चूक, ती मी कबूल करतो. पण झालं काय, आठ दिवस त्या डब्यात काहीच हललं नाही. यीस्ट जुनं, मरून गेलेलं. नळीतलं पाणी जसंच्या तसं. मी मनातून खूश झालो. दत्ता रोज नळीला कान लावायचा आणि तोंड पाडून उठायचा. आठव्या दिवशी म्हणाला, "मेला ता. उद्या ओततंय." मी म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

पण त्यानं ओतलं नाही. गुरुवारी मी कामावर असताना या बहाद्दरानं मूठभर खजूर पाण्यात कुस्करले, बेकरीतून पावाचं यीस्ट आणलं, दोन्ही त्या डब्यात घातलं आणि मला चकार शब्द सांगितला नाही. दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार बुद्धपौर्णिमेच्या आठवड्यातला, त्यामुळे पंचवीस-तीस माणसं येणार होती. मी सकाळी फुलं आणायला गेलो. तेवढ्यात याला वाटलं, डबा लोकांना दिसेल. कुठे ठेवावा? तर माझ्या टेबलाखाली! मूर्तीच्या खाली, पांढरं कापड पुढून जमिनीपर्यंत ओढून.

मंडळी बसली. मी पहिलं शील म्हटलं, दुसरं म्हटलं. तिसऱ्याला कुठूनतरी आवाज आला... बुडुक. मला वाटलं, बाथरूमचा नळ. चौथ्याला पुन्हा, बुडुक बुडुक. आणि पाचवं म्हणायला मी तोंड उघडलं तर टेबलाखाली नुसती उकळी फुटल्यासारखं झालं आणि तो आंबूस, पावासारखा, दारूचा वास खोलीभर पसरला. मला तो वास लहानपणापासून ओळखीचा. पाचवं शील तसंच राहिलं. मेश्रामकाका उठले, वाकले आणि त्यांनी कापड वर केलं. झाकणाच्या नळीतून जांभळा फेस येत होता.

दत्ता दारात उभा होता, हातात चहाचा ट्रे. मी त्याच्याकडे बघितलं. म्हटलं, "दत्ता, सांग ना." अगदी विनवून म्हटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्या माणसांकडे पाहिलं आणि म्हणाला, "चाय थंड होतली, आधी घेवा."

चहा कुणी घेतला नाही. एकेक जण उठून चपला घालून गेला. बायकांनी मुलांचे हात धरले. मेश्रामकाका जाताना एवढंच म्हणाले, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." मी जिना उतरून त्यांच्या मागे गेलो, डबा दत्ताचा आहे म्हणून सांगितलं, तर ते म्हणाले, "तुझ्या खोलीत, तुझ्या मूर्तीखाली, आणि डबा दत्ताचा?" खरं आहे, कोण विश्वास ठेवणार? दुपारी मी दत्ताची गचांडी धरली. तो म्हणाला, "इतक्या माणसांत कसा सांगतलंय? कोणी पोलिसाक सांगल्यान तर? माका घराक धाडतले." म्हणजे त्याचा व्हिसा वाचावा म्हणून माझं नाव जावं. ती वाइन मी स्वतः मोरीत ओतली. पुढच्या शुक्रवारपासून वंदना मस्कतच्याच घाला भागात, दुसऱ्याच्या घरी भरू लागली. मला बोलावत, नाही असं नाही. मागच्या ओळीत बसवत.

महिनाभरात दत्ता दुसरीकडे राहायला गेला, पुढे कामासाठी इब्रीला. बायको आली, मुलगी झाली. डबा मात्र घरातच राहिला. बायको म्हणाली, "एवढा चांगला डबा फेकता काय?" आणि तिनं नळीच्या भोकात चिंधी कोंबून त्यात तांदूळ भरले. मी दत्ताशी बोलणं टाकलं. गेल्या वर्षी आमचा एसी बंद पडला तेव्हा बायकोनं मला न विचारता त्याला फोन केला, आणि तो इब्रीहून एवढ्या लांब गाडी हाणत आला. काम झाल्यावर हात पुसत म्हणाला, "आयक मरे, तुका एक सांगूचा आसा." मी म्हटलं, "झालं असेल तर निघ." तो निघाला. ती आमची शेवटची भेट.

त्याच्यासाठी मस्कतमधल्या रुवीत शोकसभा झाली. मी गेलो, कारण बायकोनं पाठवलं. तिथे मेश्रामकाका दिसले. मला नवल वाटलं, यांचा दत्ताशी काय संबंध? सभा संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "चांगला माणूस होता बाबा. तुझ्यासाठी किती खोटं बोलला."

मी म्हटलं, "कसलं खोटं?"

"अरे, त्या डब्याचं. दुसऱ्याच दिवशी माझ्या घरी आला होता. म्हणाला, डबो माझो, तेचो काय संबंध नाय. मग सहा महिन्यांनी पुन्हा आला. तुझ्या मुलीच्या बारशाआधी पुन्हा. मी त्याला म्हटलं, मित्रासाठी एवढं करतोस, धन्य आहेस. पण त्याला पाठवायला नको होतं रे तू. आम्हाला तेच जास्त लागलं."

मी त्यांना खरं सांगायला अर्धा तास लावला. या वेळी विश्वास बसला त्यांचा... माणूस मेल्यावर विश्वास ठेवायला सोपं जातं. घरी येऊन मी दत्ताला मोठ्यानं शिव्या दिल्या, बायको घाबरून बाहेर आली. तीन वेळा गेलास, आणि मला एकदाही सांगितलं नाहीस? माझीच माणसं तुझं खरं मानत नाहीत, हे मला कळू नये म्हणून? मला काय लहान पोर समजलास काय रे? आणि जेव्हा सांगायला आलास तेव्हा मी निघ म्हटलं, तर खरंच निघालास, गाढवा. दोन शिव्या घालून बसायचंस ना तिथंच. मला अजून त्याचा राग येतो. त्याच्यापेक्षा माझा जास्त येतो.

मेश्रामकाकांचा काल फोन आला. या शुक्रवारी वंदना तुझ्याकडे ठेवू म्हणाले, पूर्वीसारखी. मी हो म्हटलं. चहा मीच करीन, त्याच्यासारखा व्हायचा नाही. टेबल मांडीन, पांढरं कापड घालीन, पण पुढून जमिनीपर्यंत सोडणार नाही. खाली तांदळाचा डबा ठेवीन, सगळ्यांना दिसेल असा. कुणी विचारलं, तर सांगेन, दत्ताचा आहे.