उंबऱ्यावरची जागा

दाजी मास्तर उंबऱ्यावर बसून शिकवत. उंबऱ्यावर बसू नये हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. आई हयात असती तर तिने हाताला धरून उठवलं असतं. तरी निवृत्त होईपर्यंत त्यांची जागा तीच राहिली.

आधी तसं नव्हतं. मालवणच्या उत्तरेला, खाडीकाठच्या त्या गावात ते बदली होऊन आले तेव्हा शाळेत खुर्ची-टेबल होतं आणि मुलं रांगेत बसत. चिऱ्यांची एकच खोली, पुढे पडवी. मास्तरांनी आल्या आल्या रांगा मोडल्या आणि सारवलेल्या जमिनीवर मुलांना गोल बसवलं. शिकवण्याबद्दल त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मुलाचा चेहरा दिसला पाहिजे.

"समजलं का म्हणून विचारलं की पोर हो म्हणतं," ते सांगत. "तोंड खोटं बोलतं. भुवया खोटं बोलत नाहीत. आपण भुवया बघायच्या आणि मग पुढे जायचं."

त्या गोलात एक मूल नव्हतं. महारवाड्यातल्या बाबलीची मुलगी सुगंधा पडवीत बसे. मास्तर येण्याआधीपासून ती तिथेच बसत होती. कायदा काय आहे हे मास्तरांना माहीत होतं, गावालाही माहीत होतं. वर्षातून एकदा तपासणीला साहेब येत, त्या दिवशी सुगंधाला आत घेत. दुसऱ्या दिवशी ती आपणहून बाहेर बसे. हळूहळू होईल, असं मास्तर स्वतःला सांगत. पडवीतून ती अर्धीच दिसे; एक खांदा, एक वेणी. पाटीवरचं उत्तर मात्र बरोबर असे, म्हणून त्यांनी तिची काळजी केली नाही.

चौपन्न सालच्या मार्गशीर्षात गावपळण आली. दर काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि अख्खं गाव शीव ओलांडून बाहेर जातं. माणसं जातात, तशी गुरं, कोंबड्या, कुत्रीही जातात. गावात चूल पेटत नाही. शिवेपलीकडे माळावर माडाच्या विणलेल्या झापांच्या खोपी उभ्या राहतात. तिथे कोणाची खोप कोणाच्या शेजारी आली हे कोणी फारसं बघत नाही. रात्री भजनं होतात, दिवसा बायका खाडीत खुबे-शिंपले काढतात.

मास्तरांनी माळावरच्या एका आंब्याखाली शाळा भरवली. तिथे खोली नव्हती, म्हणून पडवीही नव्हती. मुलं गोल बसली. सुगंधा जरा लांब उभी राहिली होती.

"बस गो," एका शेतकऱ्याची मुलगी आनंदी म्हणाली. "उभी काय ऱ्हवलंस? ऊन अडता माझा."

सुगंधा तिच्या शेजारी बसली. कोणी लांब सरकलं नाही.

त्या दिवशी वजाबाकी होती. बेचाळीसातून सतरा. सगळ्यांबरोबर सुगंधानेही मान हलवली. मास्तरांनी तिच्या भुवयांकडे पाहिलं आणि ते थांबले. हातचा तिला कधी समजलाच नव्हता.

"मग आजवर उत्तर कसं बरोबर यायचं तुझं?"

"आनंदी मोठ्यान सांगता," ती म्हणाली. "ता आयकान लिवतंय."

मुलं हसली. आनंदी सगळ्यांत जास्त हसली. मास्तर हसले नाहीत. माडाच्या झावळीचे हीर, पात्यांतल्या काड्या, काढून त्यांनी दहा-दहाच्या जुड्या बांधल्या आणि तिच्यासमोर चार जुड्या, दोन सुटे हीर ठेवले. दोनातून सात कसे काढायचे? ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने एका जुडीची गाठ सोडली. मास्तर तिचा चेहरा बघत होते. तिच्या भुवया हळूहळू मोकळ्या झाल्या.

परतायचा कौल झाला, गाव परतलं. शाळा भरली तेव्हा मास्तरांनी पडवीत पाहिलं आणि म्हणाले, "सुगंधा, आत ये." ती उंबऱ्याशी थांबली. "ये." ती आली आणि आनंदीशेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी काही जागा रिकाम्या होत्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी. संध्याकाळी गावचे मानकरी गंगाराम शाळेच्या पायरीशी आले. पान खात होते, रागावलेले नव्हते.

"मास्तरानु, गावपळण सरली. देव घराक इलो, आमी घराक इलाव. तुमी अजून शिवेभायरच?"

"पोर हुशार आसा, गंगाराम. साहेब येतत तेव्हा आत बसताच ना ती? तेव्हा कोणाचा काय बिघडता?"

"साहेब सांजेक जातत," गंगाराम म्हणाले. "आमका हंयच ऱ्हवचा आसा."

"मुलं का येत नाहीत?"

"कुळीथ पेरूचो आसा. पोरांका हात लावूक नको? तुमी शिकवा, मास्तरानु. तुमका कोण नाय म्हणता?"

कुळथाची पेरणी पुष्कळ लांबली. सारवलेल्या जमिनीवर गोल बसून बसून एक फिकट कडं उमटलं होतं. त्या कड्यात आता एकटी सुगंधा बसे. मास्तर तिला मन लावून शिकवत. आजवर कुठल्याच मुलाला त्यांनी इतकं एकटं पाहिलं नव्हतं.

शाळेत जाता-येता तिला आनंदी दिसे, बांधावर शेळ्या राखताना. एका संध्याकाळी पाटी पुसता पुसता सुगंधा म्हणाली, "मास्तरानु, मी पडवीत बसतंय. थंयसून माका ऐकाक येता."

"ऐकाक येता. पण तू माका दिसणस नाय."

घरी जाताना ती बांधावर थांबून आनंदीशी बोलत होती, एवढं मास्तरांनी पाहिलं.

सकाळी ते आले तेव्हा शाळा भरलेली होती. गोल पुरा होता, आनंदीशेजारची जागा मिटून गेली होती. सुगंधा पडवीत, खांबाशी उभी होती. तिने पाटी खाली ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. मास्तर दारात उभे. आत सगळी मुलं त्यांच्याकडे बघत होती आणि बाहेर ती. तिला आत बोलावलं तर उद्या ही पोरं नसणार. बाहेर ठेवलं तर ती दिसणार नाही.

मास्तर खाली उंबऱ्यावर बसले. तिथून आतली सगळी दिसत होती आणि मान वळवली की ती दिसत होती. "पाढे," ते म्हणाले. सुगंधाही खाली बसली.

गाव थोडं हसलं. मास्तर आत ना बाहेर, असं लोक म्हणत. पण उंबऱ्यावर बसलेल्या माणसाला काय सांगायचं, ते कोणालाच सुचलं नाही. सुगंधा तिथे बसूनच चौथी पास झाली. पुढची शाळा लांब होती. तिचं शिक्षण तिथे संपलं. मग लग्न होऊन ती देवगडकडे गेली.

सुगंधानंतर पडवीत बसणारी मुलं पुढे आत बसायला लागली. नेमकी कधी, ते कोणालाच आठवत नाही. ठराव झाला नाही, भांडण झालं नाही. मास्तर मात्र उंबऱ्यावरून उठले नाहीत. त्यांची मान कायमची एका बाजूला कलली होती. नवे शिक्षक मुद्दाम ती शाळा बघायला येत. "इथून सगळी दिसतात," मास्तर त्यांना सांगत. ते वाक्य तालुक्यात फिरलं.

सदुसष्ट साली त्यांची सेवा संपली. निरोपाच्या आदल्या दिवशी दुपारी सुगंधा आली. माहेरी आली होती, कडेवर मुलगी होती. मास्तर उंबऱ्यावर होते. ती पडवीत, खांबाशी बसली.

"आत बस गो, आता काय?"

"हंय बरा वाटता. वारो आसा."

घरच्या गोष्टी झाल्या. मुलीला पुढच्या वर्षी शाळेत घालायचं होतं. मग मास्तरांनी विचारलं. इतकी वर्षं कोणाला विचारलं नव्हतं.

"त्या दिवशी तू आपणहून भायर बसलंस. तुका वाईट वाटला काय?"

सुगंधा मुलीचे केस सारखे करत होती.

"मी खंय बसललंय?" ती म्हणाली. "उभी होतंय मी. तुमी आत बोलवशात म्हणान."

तिच्या आवाजात राग नव्हता. पाणी पिऊन, मुलीला पाया पडायला लावून ती गेली.

ऊन उतरलं तेव्हा मास्तर पडवीत आले आणि खांबाशी, तिच्या जागेवर बसले. सगळ्या नोकरीत ते तिथे कधी बसले नव्हते. दारातून आतला फळा दिसत होता. पोरांनी उद्यासाठी रंगीत खडूने त्यांचं नाव काढलं होतं, भोवती वेल.

गावातला भाई आला. हायस्कुलात नुकताच शिक्षक म्हणून लागलेला, बी. ए. झालेला. मास्तरांवर त्याचा फार जीव. उद्याचं भाषण त्याचं होतं. तो येऊन हसत उंबऱ्यावर टेकला, आत तोंड करून, अगदी मास्तर बसत तसा.

"दाजी, उद्या सुरुवात इथूनच करणार मी. उंबऱ्यावरचा माणूस. कसं?"

मास्तर त्याच्याकडे बघत होते. दार भाईच्या पाठीने भरलं होतं. फळा दिसत नव्हता. नावही नाही, वेलही नाही.

"उंबऱ्याचं बोलू नकोस उद्या," ते म्हणाले.

"मग काय बोलू?"

खाडीवरून वारा येत होता. मास्तरांनी मान सरळ करायचा प्रयत्न केला. ती झाली नाही.

"जरा सरक, भाई," ते म्हणाले. "फळा दिसत नाही."