नाळेला लावलेलं तेल

लालबागच्या एका वर्कशॉपात मी मोटारींचे चेपलेले पत्रे सरळ करायचो. हात चांगला चालायचा आणि जीभ त्याहून जास्त. म्हणूनच संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत एका सकाळी जीपमागच्या ट्रेलरवरून एक विलायती होडी आमच्या दारात आली, तेव्हा फोरमनसाहेबांनी काही विचारायच्या आत मी "होईल" म्हणून मोकळा झालो.

होडी लाकडाची नव्हती, फायबरग्लासची होती. कॉटन ग्रीनच्या गोदामातून काढताना ती फाटकाच्या खांबावर आदळली आणि तिची नाळ, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, तळहाताएवढी फुटली. होडीच्या मालकांनी सोबत काचेच्या धाग्यांचं कापड, चिकट राळेचा डबा आणि राळ घट्ट करणाऱ्या औषधाची बाटली दिली होती. असला दुसरा डबा मुंबईत मिळणार नव्हता. "जमलं तर ह्या कामाचा मिस्त्री तू," फोरमनसाहेब म्हणाले. "नाही जमलं तर आहेतच पत्रे." मला मिस्त्री व्हायचंच होतं, आणि ते मी कुणापासून लपवलंही नव्हतं.

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत मी वडिलांना होडीचं सांगितलं, बघायला या म्हटलं. ते गिरणीत सुतार होते. त्याआधी मालवणकडे होड्या बांधायचे, पण मुंबईला आल्यापासून होडीला त्यांचा हात लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी मोर्च्यासाठी गिरणी सुटली आणि जाता जाता ते वर्कशॉपात आले. आम्ही अर्धं दार ओढून काम करत होतो. फुटलेल्या जागेभोवतीचा भाग मी काचकागदाने घासून ठेवला होता. बाबांना होडीपाशी उभं करून मी आत राळ कालवायला गेलो.

परत आलो तर बाबा मोर्च्याला निघून गेले होते आणि घासलेल्या जागेवर मस्त चमक दिसत होती. ती मी माझ्याच हाताची करामत समजलो. राळेत भिजवलेल्या कापडाचे तीन थर चढवले आणि शीळ घालत घरी गेलो.

सकाळी कडेला नख लावलं, तर भाजलेल्या पापडासारखं अख्खं ठिगळ हातात आलं. अर्धा डबा संपला होता. मी जराही न अडखळता फोरमनसाहेबांना सांगितलं, की आपल्या उकाड्यात राळ बिघडलीय. इतकं ठासून सांगितलं की माझा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. उद्या होडी परत न्यायला सांगतो, असं म्हणून ते वळले.

संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारलं, "झाली रे होडी?"

"राळच खराब निघाली, बाबा."

"आणि तेल? ता मुरला काय नाय?"

घास हातातच राहिला. "कसलं तेल?"

"खोबऱ्याचा. घरातनाच नेलंय बाटलेतून. होडी दुखावली की आधी तिका तेल लावतत, मगे हत्यार."

लाकडाला ते मानवत असेल, पण फायबरग्लासवर तेलाचा हात फिरला की राळ धरतच नाही. मी भडकलो. "मला विचारायचं तरी, बाबा!"

"माका काय म्हायत ह्या काचेचा? तू तरी खय सांगलंस?" ते भात कालवत म्हणाले.

मला लाज वाटली. होड्या बांधलेल्या माणसाला मी होडी नुसती बघायला बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांना खाडा करायला लावून मी सोबत घेऊन गेलो. जीप यायच्या आत फोरमनसाहेबांना गाठलं. "राळ चांगली आहे. चूक माझी. जागा तेलकट होती, मी बघितलं नाही."

"काल तर छाती ठोकून सांगत होतास."

"आज खरं सांगतोय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि दोन दिवस दिले.

मी जागा साबणाने धुतली, थिनरने पुसली, पुन्हा घासली. पण कापड त्या निमुळत्या वळणावर बसेना. एक कड दाबली की दुसरी उठायची, आणि इकडे वाटीतली राळ घट्ट व्हायला लागली होती. बाबांनी कात्री घेतली आणि कापड तिरकं कापलं. "नाळेक सरळ काय्येक बसत नाय," एवढंच बोलले. तिरका तुकडा अंगठ्याने दाबत नेला आणि तो वळणावर गपगुमान बसला. पुढचे थर आम्ही दोघांनी मिळून चढवले.

सकाळी ठिगळाला नख लागेना. हातोडीच्या दांड्याने ठोकलं तर भरीव आवाज आला. मी रंग चढवला. जोड कुठे आहे ते मालकांना दाखवूनही सापडलं नसतं, हे मी आजही सांगेन.

रविवारी जीप आली. ट्रेलर जोडून झाला तेव्हा बाबा हातात बाटली घेऊन नाळेपाशी उभे होते.

"आता लावू?" त्यांनी विचारलं.

मला विचारून त्यांनी कधी काही केल्याचं आठवत नाही. "लावा," मी म्हटलं.

"काय मिस्त्री, सोडायची का गाडी?" फोरमनसाहेबांनी दारातून मला हाक मारली. बाबांचा अंगठा अजून नाळेवर फिरत होता.

"थांबा जरा," मी म्हणालो. "मिस्त्रींचं काम चाललंय."