न दिसणारं दुखणं आणि शीतळादेवी

देवीवर माझा विश्वास उरलाय का, असं त्या वर्षी कुणी विचारलं असतं तर मला खरं उत्तर देता आलं नसतं. सवयीने हात जोडत होते, इतकंच. डोळ्यांसमोर एक चमचमती नागमोडी रेघ उमटायची, अर्धं दिसेनासं व्हायचं, डावा हात बधिर पडायचा, आणि मग अर्धं डोकं आतून कुणी पोखरत असल्यासारखं दुखायचं. मुंबईच्या न्यूरॉलॉजिस्टनी मायग्रेनचाच एक अवघड प्रकार म्हणून सांगितलं, गोळ्या बदलून पाहिल्या, इंजेक्शनं दिली. एमआरआय मात्र स्वच्छ आला. घरी सगळ्यांना आनंद झाला. पुढे त्या स्वच्छ एमआरआयनेच माझा घात केला.

मी आमच्या भागातल्या एका रसायनांच्या कारखान्यात कंट्रोल रूममध्ये होते. पडद्यावर दाबाचे आकडे बघायचे आणि जरा चढउतार दिसला की खाली कळवायचं. एका पाळीत मला अर्धा पडदाच दिसेना, आणि फोनवर सांगायला गेले तर जीभ वळेना. शेजारच्या सहकाऱ्याचं लक्ष गेलं म्हणून निभावलं. खाली माणसं होती. त्यानंतर मी त्या खुर्चीवर बसू शकले नाही. आजारपणामुळे फार काळ काम करता आलं नाही तर पगाराचा काही भाग मिळत राहावा, असा विमा कारखान्याने आमचा उतरवला होता. मी अर्ज केला. तपासण्यांत दोष दिसत नाही, डोकेदुखी फक्त तुमच्या सांगण्यावर आहे, असं म्हणून तो नाकारला गेला. डॉक्टरांच्या सल्ल्याने मी फेरविचार मागितला आणि वाट बघत बसले. माझे यजमान किहीमच्या बंगल्यांत वायरिंगची कामं करतात. पावसाळ्यात तीही थांबतात. खिडकीला त्यांनी काळं कापड लावून दिलं होतं, त्याआड मी पडून असायची.

सासूबाई मनाने वाईट नाहीत. पण म्हणायच्या, “डोकी काय आमची दुखली न्हाय? फडकं बांधून भाताची लावनी केलीच ना आम्ही!” शेजारीही म्हणायचे, चांगली हिंडते-फिरते की ही. ऐकून ऐकून मलाच शंका यायला लागली. खरंच इतकं दुखतं, की मीच ते वाढवून घेते? दुखण्यापेक्षा ही शंका वाईट होती. जिवाला कंटाळले होते मी, आणि ते घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

एका मंगळवारी सकाळी डोकं हलकं वाटलं म्हणून आमच्या रेवदंड्याहून रिक्षा करून चौलला शीतळादेवीच्या देवळात गेले. ओटी भरली. मागणं काही सुचेना. म्हटलं, बाई, तुझं नाव शीतळा, आणि माझं डोकं असं जळतंय. बाहेर येताना तळ्याच्या पाण्यावरचं ऊन डोळ्यांत शिरलं आणि ती रेघ उमटली. कुणीतरी घंटा वाजवली. मी खांब धरला आणि तशीच खाली बसले. तेवढ्यात चौकटीचा शर्ट घातलेला एक अनोळखी माणूस धावत आला. त्याने घंटा थांबवायला सांगितली, एका हाताने माझं डोकं सावरलं आणि दुसऱ्या हाताने स्वतःची छत्री माझ्या डोळ्यांवर धरली. मला त्याच्या अंगावरच उलटी झाली, तरी तो बाजूला झाला नाही. घर कुठे, म्हणून त्याने विचारलं. मी सांगायला गेले, पण तोंडातून भलतेच शब्द येत होते. तरी त्याने रिक्षा थेट माझ्या दारात आणली, मला सासूबाईंच्या हाती दिलं आणि निघून गेला.

उठून बसण्याजोगी झाले तेव्हा पहिला विचार तोच आला: पत्ता न सांगता याला घर कळलं कसं? देवीच आली, असं मी यजमानांना म्हणालेही.

काही दिवसांनी तोच माणूस दारात उभा राहिला. आत या म्हटलं तरी येईना.

“ताई, घर मला माहीत होतं,” तो म्हणाला. “विमा कंपनीनं पाठवलं होतं. तुम्ही खरंच आजारी आहात का, ते बघायला तुमच्या मागावर होतो. देवळात तुमचा व्हिडिओ काढत होतो.”

मी विचारलं, “काढलात?”

“तुम्ही खांब धरलात तोवर. मग मोबाईल खिशात टाकून धावलो.” तो मान खाली घालून बोलत होता. “तुम्ही पत्ता सांगायला बघत होतात आणि नुसतं ‘मीठ, मीठ’ म्हणत होतात. असं मुद्दाम कुणाला करता येत नाही. जे पाहिलं ते सगळं लिहून दिलंय. पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही.”

मला राग यायला हवा होता. आला नाही, रडू आलं. सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. त्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि त्याला म्हणाल्या, “बस रं बाबा जरा. उन्हाचा आलास.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “मला कलला न्हाय गो, बय.”

विमा कंपनीने मला पुन्हा तपासणीला बोलावलं. या वेळी त्यांच्या डॉक्टरांनी एमआरआय बाजूला ठेवून मलाच विचारलं, आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. अर्ज मंजूर झाला. दर वर्षी फेरतपासणी आहे. पुढच्या वर्षी काय म्हणतील, ठाऊक नाही. डोकं अजून दुखतंच. कंट्रोल रूमची ती खुर्ची आता दुसऱ्या कुणाची आहे. त्या माणसाला देवीने पाठवलं की कंपनीने, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. माझ्यावर संशय घेऊन आलेल्याच माणसाच्या हातात माझं डोकं विसावलं, एवढं मला माहीत आहे. आणि मी खोटी नाही, हे त्या दिवसापासून मलाही माहीत आहे.

जमेल त्या मंगळवारी देवळात जाते. नाही जमलं तर अंधाऱ्या खोलीत पडल्या पडल्या हात जोडते. बरं कर, असं आता म्हणत नाही. बघते आहेस ना, एवढंच विचारते, आणि डोळे मिटून घेते.