डायलिसिसच्या बेडवरचं पथ्यपाणी

दिवसाआड एकाच हॉलमध्ये हाताला नळ्या लावून अर्धा दिवस आडवं पडायचं म्हटल्यावर माणूस करणार काय? रक्त मशीनमधून फिरत असतं, टीव्ही कायमचा बंद, आणि शेजारचा बेड हाताला लागेल एवढा जवळ. मग बोलणं निघतं. इस्लामपूरच्या सेंटरमध्ये सकाळच्या बॅचला आम्ही चौघं होतो, पण किस्से एवढे साठले की चौघांना पुरून उरावेत!

मी शाळेत शिकवते, म्हणून मला सगळे बाई म्हणायचे. शेजारी सुभेदार, रिटायर्ड फौजी. समोर आण्णा, आष्ट्याकडचे जैन शेतकरी. आणि दाराजवळ लताअक्का, वाळव्याकडच्या, घरचा ऊस असलेल्या.

*

किडनी बंद पडली की प्यालेलं पाणी अंगातच राहतं. पाय सुजतात, मग दम लागतो. म्हणून पाणी मोजून प्यायचं, ही पहिली सवय.

डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा सुभेदार हसले. "मॅडम, राजस्थानच्या वाळवंटात एका बाटलीवर दिवस काढलेत आमी!"

पुढच्या वेळी आले ते तोंड सुजवूनच. बसूनही धाप लागत होती.

सिस्टर म्हणाल्या, "सुभेदार, वाळवंटात जमलं, मग इथं काय झालं?"

"आवं, तितं समोर दुश्मन हुता," सुभेदार म्हणाले. "हितं फ्रीज हाय!"

*

अंगात पाणी साठून लताअक्कांचं वजनही दर वेळी वाढलेलं. अक्का शपथेवर सांगायच्या, "सकाळी गोळीपुरतं घोटभर. त्याच्यावर थेंब न्हाई!"

सिस्टरनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, अक्का दोन्ही वेळा भाकरी चुरून त्यावर वाडगाभर आमटी ओतून घेतात.

"अक्का, आमटी म्हणजे पाणीच की!"

अक्का जाम चिडल्या. "आमटी पानी व्हय? आमच्या घरात कुनी ऐकलं तर सैपाक सोडावा लागंल मला!"

*

माझं मीठ बंद झालं. मला एकटीला वाईट वाटू नये म्हणून घरातल्या सगळ्यांनीच अळणी खायचं ठरवलं. आमचे हे सगळ्यात पुढे. अळणी वरणभात खाऊन वर म्हणायचे, "सवय झाली की हेच गोड लागतं बघ."

एकदा यांच्या स्कूटरची डिकी उघडली, तर आत मिठाची पुडी.

"हे काय?"

हे घाबरले. मग म्हणाले, "ऑफिसात डब्यावर टाकतो जरा. तुझ्यासमोर कधी खाल्लंय का मी?"

मी पुडी परत ठेवली आणि डिकी लावली. त्या रात्री दोघंही अळणीच जेवलो.

*

आण्णा म्हणजे नियमाचा माणूस. दिवस मावळल्यावर अन्न नाही, पाणी नाही. लहानपणापासून असंच. त्यामुळे त्यांचं वजन कधी वाढायचंच नाही आणि डॉक्टर आम्हाला त्यांचं उदाहरण द्यायच्या. आम्हाला तेवढंच ऐकायचं राहिलं होतं!

एकदा डॉक्टरांनी सहज विचारलं, "आण्णा, तुम्हाला शुगर नाही, तंबाखू नाही. गोळ्या कसल्या घेत होता का आधी?"

"गुडघं दुखायचं की वो. पूजा झाली की एक गोळी. मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी मागत न्हाई. पूजा एखांदी चुकली आसंल, गोळी कवा चुकली न्हाई!"

डॉक्टर जवळ जाऊन बसल्या. म्हणाल्या, "आण्णा, बहुतेक त्या गोळ्यांनीच किडन्या गेल्या."

आण्णांनी मोकळ्या हातानं पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

"मग आळशी मानसंच बरी की वो," आण्णा म्हणाले.

*

केळं आम्हाला विषासारखं. त्यातल्या पोटॅशियमनं हृदय थांबतं, हे भिंतीवर लिहिलेलं आहे. सुभेदारांच्या पुतण्याच्या घरी सत्यनारायण झाला, प्रसादात केळी आणि प्रसाद द्रोणभर! त्यांना बेशुद्धच आणलं. तीन दिवस आयसीयू.

ते शुद्धीवर आल्यावर डॉक्टर त्यांच्यावर रागावल्या. "नाही म्हणता येत नव्हतं?"

"परसादाला न्हाई म्हनलो आसतो तर देव कोपला आसता."

"आणि खाल्ल्यावर?"

"खाल्ल्यावर? बोलवाया लागला की वो लगीच!"

त्या वेळी वाचले. दिवाळीनंतर असेच एकदा आणले, तेव्हा नाही वाचले. सिस्टरनी चादर बदलली, दुसऱ्या दिवशी त्या बेडवर नवा माणूस आला. आम्ही त्याला आठवडाभर नावही विचारलं नाही.

*

लताअक्कांचा संदीप फौजेत. भरतीआधी अक्का रोज पहाटे त्याला कालव्याच्या कडेनं पळवायच्या. तो पुढे पळतोय आणि मागे नऊवारीतल्या अक्का सायकलवर! सगळं गाव हसायचं. चहा नाही, तंबाखू नाही, घरचं दूध. "लोखंडासारकं पोरगं केलंय मी," असं त्या येईल त्याला सांगायच्या.

संदीप सुट्टीवर आला आणि थेट हॉलमध्ये येऊन उभा राहिला. नाक, हनुवटी, हसणं, सगळं अक्कांचं.

"डॉक्टर, माझी किडनी घ्या. तपासण्या सुरू करा."

डॉक्टर म्हणाल्या, "आई-मुलगा असल्यावर कागदपत्रं सोपी जातात. पण तुमच्या नोकरीवर परिणाम होईल. विचार केलाय?"

"केलाय."

अक्का आडव्या होत्या, हाताला नळ्या. तिथूनच म्हणाल्या, "तपासू नगा. ह्यो माज्या पोटचा न्हाई."

संदीप आधी हसला. "आये, काय बोलतीस?"

"खरं त्येच. तुजा बा आसता तर त्यानं सांगितलं आसतं."

संदीप अक्कांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्यांनी मान फिरवली नाही, डोळेही मिटले नाहीत. शेवटी तोच बाहेर गेला, आणि सुट्टी संपायच्या आधीच युनिटला परतला.

पुढच्या वेळी हॉलमध्ये शिरल्याबरोबर मी त्यांच्या कॉटपाशी गेले. हळूच विचारलं, "अक्का, खरंच का हो?"

अक्कांनी सुई टोचलेला हात जरा सरळ करून घेतला.

"बाई," त्या म्हणाल्या, "तिकडं थंडी लय आसती म्हनं. तरीबी पळाया जात आसंल, न्हवं?"